तिसऱ्या खटक्यावर

मित्रांनो, माझ्या पाठीवर हळदीचा एक पिवळा डाग आहे. तो साबणाने गेला नाही, रॉकेलने गेला नाही आणि आता कुणी काढायला आलंच तर मीच काढू देणार नाही. त्या डागाची गोष्ट हीच माझी गोष्ट.

मी वॉकीटॉकी. तळहातात मावेन एवढा. डोक्यावर बोटभर अँटेना, कुशीला बोलायचं बटण आणि माथ्यावर खटक्याखटक्याने फिरणारी एक चावी. वय विचाराल तर बारा. तुमच्यात हे वय शाळेत जायचं, आमच्यात अडगळीत जायचं. आम्ही जुळे भाऊ. एकटा वॉकीटॉकी म्हणजे कातरीचं एक पातं. ते कितीही धारदार असू द्या, त्याने लोकर कातरता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी मान खाली जाणार आहे ती याच्यावरूनच.

आमचा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पहिली नोकरी लागली ती सोलापुरातून बाहेर जाणाऱ्या एका हमरस्त्यावर. रस्त्याचं काम चालू होतं, एकच बाजू मोकळी होती. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला भाऊ. मी म्हणायचो, "सोड." तो म्हणायचा, "थांबव." तीन वर्षं या दोन शब्दांपलीकडे आम्हाला कुणी काही बोलू दिलं नाही. सोलापूरचं ऊन डोक्यावर आणि डांबराची धूळ नाकातोंडात. तरी आमच्या दोन शब्दांवर उसाचे ट्रॅक्टर, एसट्या, लग्नाच्या गाड्या मुकाट्याने थांबायच्या, याचा मला भारी तोरा होता. काम संपलं आणि आम्हाला फावड्या-घमेल्यांबरोबर पोत्यात कोंबलं. माझी अँटेना मोडली, भावाचं बटण अडकलं. कुणी हळहळलं नाही.

त्या पोत्यातून आम्हाला बाहेर काढलं शंकरप्पांनी. तरुणपणी गिरणीत मागावर काम केलेला हा माणूस, गिरणी बंद पडल्यावर रेडिओ दुरुस्त करायला शिकला. शहराच्या जुळे सोलापूर या भागात त्यांचं छोटं दुकान आहे. तिथे ऋतुजा नावाची एक मुलगी शिकायला यायची. ती सांगोल्याकडच्या एका वस्तीवरून शहरात डिप्लोमाला आलेली. एके दिवशी ती वही घेऊन रडकुंडीला आली. म्हणाली, "काका, रेडिओ फ्रिक्वेन्सीची व्याख्या पाठ केली, पण कळली काहीच नाही."

शंकरप्पांनी माझं पोट उघडलेलं होतं. तसंच मला हातात धरून ते म्हणाले, "नोडु, बघ, व्याख्या ठेव बाजूला. मागावरचा धोटा बघितलीस की नाही तू? इकडून तिकडं, तिकडून इकडं. मिनिटाला किती वेळा गेला ते मोजतो आपण. तेच्यावरून कापड किती निघणार ते कळतंय. आता ह्याच्या पोटात वीज तशीच धावतीय, धोट्यासारखी. एका सेकंदात किती वेळा धावली, ती तिची फ्रिक्वेन्सी. ह्याची किती सांगू? चव्वेचाळीस कोटी साठ लाख वेळा. एका सेकंदात!"

ऋतुजाने आ वासला. मीही वासला असता, पण माझं पोट आधीच उघडं होतं.

मित्रांनो, विजेची अशी धावाधाव झाली की अँटेनातून लाटा सुटतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना ऐकू येत नाहीत. त्या उजेडाच्याच कुळातल्या, आणि धावतातही उजेडाच्याच वेगाने. आमचं घराणं मोठं आहे. सेकंदाला काही हजार हेलकाव्यांपासून ते तीनशे अब्ज हेलकाव्यांपर्यंत सगळे आमचेच भाऊबंद. एफएमवर गाणी लागतात ते दहा कोटींच्या आसपासचे. तुमचा मोबाइल, घरातलं वायफाय, टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरची चिकटपट्टी ओळखणारं यंत्र, विमानाशी बोलणारा मनोरा, इस्पितळात माणसाला बोगद्यात झोपवून आतला फोटो काढणारं एमआरआय, इतकंच काय, अन्न गरम करणारा मायक्रोवेव्हसुद्धा आमच्यातलाच. प्रत्येकाला आपापली जागा नेमून दिलेली असते. उगाच कुणी दुसऱ्याच्या जागेत घुसलं की कालवा होतो. म्हणून बहुतेक जागांना सरकारचा परवाना लागतो. आमच्यासारख्या कमी ताकदीच्यांना मात्र एक छोटी पट्टी मोकळी सोडलेली आहे. तिथे परवाना नको, पण शिस्त हवी. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. मला गोंधळ मुळीच खपत नाही.

शंकरप्पांनी आम्हा दोघांना दुरुस्त केलं आणि ऋतुजाच्या हातात दिलं. "तुझे वडील मेंढरं घेऊन माळावर जातात म्हणालीस ना, रेंज नसते म्हणालीस. ने हे. उघड्या माळावर दोन-तीन किलोमीटर बोलतील."

अशा रीतीने आम्ही वस्तीवर आलो. ऋतुजाचे वडील सिद्धनाथ, आई कस्तुराबाई आणि दीडशे मेंढ्या, असा तो संसार. सिद्धनाथांनी मला उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "ह्येच्यात माणूस कुटं बसतंय?" ऋतुजा लाटा, हेलकावे, चॅनेल असं काय काय समजावू लागली. बापाचा चेहरा कोराच राहिला. तेव्हा कस्तुराबाई चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "सोपं हाय की. वाड्यात दीडशे मेंढ्या वराडत असल्या तरी कोकरू आपल्या आईच्याच आवाजाला पळतंय का न्हाय? तसंच ह्येचं. सगळ्यांचा कालवा असतुया, पर ह्यो आपल्या भावाचंच ऐकतुया."

एवढं नेमकं मला कारखान्यातल्या साहेबांनीही ओळखलं नव्हतं. त्या दिवसापासून मी कस्तुराबाईंचा झालो.

त्यांना अक्षरओळख नाही. चॅनेलचे आकडे त्यांना वाचता येत नव्हते. म्हणून त्या चावी आधी टोकाला नेत आणि मग कानाजवळ धरून खटके मोजत. येक, दोन, तीन. तिसऱ्या खटक्यावर आमचं घर. सिद्धनाथांनी भावाची चावी तिथेच ठेवून वर चिकटपट्टी लावून टाकली. त्यांना खटके मोजायचा कंटाळा.

पण बोलायला सुरुवात झाली आणि निराळाच घोळ उभा राहिला. बोलताना बटण दाबायचं, बोलून झालं की सोडायचं. सोडलं नाही तर समोरच्याचं ऐकू येत नाही. आता आमच्या माणसांची रीत अशी की समोरच्याने 'बरं' म्हटल्याशिवाय बोलणं संपत नाही. तसंच उठून जाणं म्हणजे अपमान. त्यामुळे सिद्धनाथ "मेंढरं पाण्यावर नेली" असं सांगत आणि कस्तुराबाईंच्या 'बरं'ची वाट बघत बटण तसंच दाबून धरत. कस्तुराबाई इकडे घसा फोडून दहा वेळा बरं म्हणत. तिकडे सिद्धनाथ रुसून बसत. घरी आल्यावर भांडण. "येवडं बोललो, येक शबूद न्हाई तुजा!" "आवो, बटन सोडा की! मी काय तुमच्या बोटाखालनं बोलू व्हय?"

आपलं बोलून संपलं की वॉकीटॉकीवाले म्हणतात तो 'ओव्हर' हा शब्द ऋतुजाने त्यांना शिकवून पाहिला. सिद्धनाथ म्हणाले, असलं काय तोंडात बसत नाही. शेवटी उपाय काढला कस्तुराबाईंनीच. त्या म्हणाल्या, "देवळात कसं करतासा? येकानं 'बिरोबाच्या नावानं' म्हणायचं आणि गप ऱ्हायाचं. मग बाकीची 'चांगभलं' म्हणत्यात. गप ऱ्हायल्याबिगर कोण चांगभलं म्हणंल? हितंबी तसंच."

आणि मित्रांनो, जमलं! "मेंढरं पाण्यावर नेली, बिरोबाच्या नावानं," असं म्हणून सिद्धनाथांचं बोट आपोआप उचललं जायचं. इकडून मी म्हणायचो, "चांगभलं! भाकरी खाल्लीसा का? बिरोबाच्या नावानं." रस्त्यावर तीन वर्षं 'सोड' आणि 'थांबव' म्हणणाऱ्या मला हे केवढं सुखाचं होतं, काय सांगू. कस्तुराबाई नवऱ्याचं नाव घेत नसत, 'अवो' एवढंच म्हणत. एकदा त्याच खटक्यावर मंडपवाल्यांचा कुणी माणूस भलतीकडूनच "बोला बाई" म्हणाला. कस्तुराबाईंनी त्याला असं काही फैलावर घेतलं की त्याने आपली चावीच बदलली.

चार वर्षं अशी छान गेली. मग ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. वर्षभर राबणाऱ्या अवजारांना त्या दिवशी धुऊन, हळदीकुंकू लावून देवापुढे मांडतात आणि दिवसभर हात लावत नाहीत. त्यांचा विसाव्याचा दिवस. त्या सकाळी कस्तुराबाईंनी लोकर कातरायची कातर धुतली, कोयता धुतला, कुऱ्हाड धुतली. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "ह्यो तर सगळ्यात जास्त राबतुया," त्या म्हणाल्या. "ह्येलाबी इसावा पायजे."

त्यांनी माझी बॅटरी काढून ठेवली. तांब्यातल्या पाण्याने मला कोयत्यासारखंच धुतलं, चोळलं, पुसलं आणि ओल्या हळदीची बोटं ओढली. पाठीवर, पोटावर आणि बोलायच्या भोकावरसुद्धा. ऋतुजा सणाला घरी आली होती, पण ती मागे पुरणाला हातभार लावत होती, तिच्या ध्यानात आलं नाही. सिद्धनाथांनी मात्र भावाला पूजेत द्यायला नकार दिला. "मेंढरं काय सणाला उपाशी ऱ्हात्यात व्हय? मला माळावर जायाचंच हाय. त्यो माज्या कमरंचा हाय, मी नेतू." कस्तुराबाई म्हणाल्या, "बरं, निदान कुकू तरी लावा." भावाला कुंकू लागलं आणि तो निघून गेला.

एकाला विसावा दिला की दुसरा मुका होतो, हे त्या घरात कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आणि खरं सांगतो, मित्रांनो, माझ्याही आलं नाही. मी फुलून गेलो होतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कातरीशेजारी पाट मिळाला, डोक्यावर झेंडूचं फूल मिळालं. पोत्यातून आलेल्याला एवढा मान! भाऊ कुठे आहे, याचा विचारसुद्धा मी केला नाही. त्या दिवशीची माझी ती ऐट मला आजही टोचते.

दुपार कलली आणि मेंढ्या घरी आल्या. एकट्या.

पुढे कुत्रं, मागे मेंढ्या आणि त्यांच्या मागे कुणीच नाही. कस्तुराबाई वाड्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मेंढ्या मोजल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी फक्त माळाकडे पाहिलं. "रुतुजा," त्या म्हणाल्या, "तुजा आबा कुटं हाय गं?"

तिथून त्या थेट देवापुढे आल्या. पूजेतल्या हत्याराला सूर्य मावळायच्या आत हात लावायचा नसतो. त्यांचा हात क्षणभर थांबला, हे मी पाहिलं. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "देवा, राग धरायचा तर माज्यावर धर," आणि त्यांनी मला उचललं.

ऋतुजाने बॅटरी बसवली. मी खरखरलो, थुंकलो, गप्प झालो. अंगात पाणी होतं. तिने मला झटकलं, ओढणीने पुसलं, बाभळीच्या काट्याने भोकातली हळद कोरून काढली. पुन्हा चालू केलं. आता माझा दिवा लागला. "आबा, आबा, ऐकू येतंय का? बिरोबाच्या नावानं." तिने बटण सोडलं. काहीच नाही. परत हाक. परत काहीच नाही.

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते ऐका. मी धडधाकट चालू होतो. पण मी माझ्या घरात नव्हतो! धुताना, चोळताना माझी चावी फिरली होती. मी सहाव्या खटक्यावर उभा होतो आणि भाऊ तिसऱ्यावर. तो कितीही ओरडला तरी त्याच्या हाका माझ्या अंगावरून वाहून जाणार आणि मला एक अक्षर कळणार नाही. फ्रिक्वेन्सी वेगळी म्हणजे एका खोलीत असूनही परके. आणि हे सांगायला मला स्वतःचा असा आवाज नाही. आमच्यातून माणसं बोलतात, आम्ही बोलत नाही.

ऋतुजा रडायला लागली. "आई, बिघडलाय हा. पाण्याने गेला. मी शिकून काय उपेग, मला दुरुस्त करता येईना."

"रडू नगंस," कस्तुराबाई म्हणाल्या. "दिवा लागलाय न्हवं? म्हंजी जित्ता हाय. धुताना मी ह्येला कोयत्यावानी चोळलाय. माज्या बोटानं ती चावी फिरली असंल की." त्यांनी मला कानाशी धरलं. चावी मागे टोकाला नेली. मग सावकाश, एकेक. येक. दोन. तीन.

तिसऱ्या खटक्यावर मी घरी आलो. पण तिथेही नुसती खरखर.

"टेकडीमुळे," डोळे पुसत ऋतुजा म्हणाली. आता तिचं शिक्षण जागं झालं. "आई, ह्या लाटा सरळ जात्यात, टेकडीतून आरपार न्हाई जात. आबा पलीकडं असला तर वर चढाय पायजे."

"मग तू वस्तीवरची माणसं गोळा कर. मी चढते."

"आई, तुझं गुडघं..."

"गुडघं माजं हायत. जा."

कस्तुराबाई मला मुठीत धरून टेकडी चढल्या. नुकताच पाऊस उघडला होता, निसरडं होतं. दर वीस पावलांना त्या थांबायच्या, बटण दाबायच्या आणि "बिरोबाच्या नावानं" म्हणून बोट उचलायच्या. खरखर. पुन्हा वीस पावलं. एकदा त्या घसरल्या, पण मला त्यांनी वर धरलं होतं, माती लागू दिली नाही. त्यांच्या तळव्याचा घाम आणि माझी हळद एक झाली. सणाचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं. किती वेळा त्यांनी हाक दिली? मी मोजल्या होत्या. अकरा. अकराही वेळा उत्तर नव्हतं आणि अकराही वेळा त्यांनी बोट उचलून शांतपणे वाट पाहिली. माणूस घाबरला की बटण दाबून ओरडतच राहतो. त्या ओरडल्या नाहीत. त्यांना ठाऊक होतं, आपण गप्प राहिल्याशिवाय कुणी चांगभलं म्हणणार नाही.

माथ्यावर पोचल्यावर वारा लागला. त्यांनी मला डोक्यावर उंच धरलं आणि मग तोंडाशी आणलं.

"अवो," त्या म्हणाल्या. एवढंच. मग, "बिरोबाच्या नावानं."

बोट उचललं.

खरखर. आणि त्या खरखरीत, तळातून येणारा माझ्या भावाचा आवाज.

"चांगभलं..."

कस्तुराबाईंनी मला कानाशी लावलं.

"अगं, सकाळधरनं हाका मारतुय," भाऊ म्हणजे सिद्धनाथ बोलत होते, थांबत, कण्हत. "कुटं व्हतीस? वढ्यात पडलोय, पिंपरणीच्या झाडाखाली. पाय मोडलाय. दरड आली अंगावर. बिरोबाच्या नावानं."

"चांगभलं. चुकलं माजं, त्येला देवात बशीवला व्हता," कस्तुराबाई म्हणाल्या. "आता हलू नगासा. माणसं येत्यात. मी हितनंच बोलत ऱ्हाते, तुमी डोळं मिटायचं न्हाईत. बिरोबाच्या नावानं."

माणसं येईपर्यंत त्या बोलत राहिल्या. पुरण शिजलंय, काळ्या मेंढीचा पाय सुधारलाय, पोरीला नोकरीची चिठ्ठी येणार आहे. आणि प्रत्येक वाक्यानंतर बोट उचलून त्या 'चांगभलं'ची वाट पाहत होत्या. आवाज बारीक होत गेला, पण एकदाही चुकला नाही. ऋतुजा माणसं घेऊन आली, सगळे पिंपरणीच्या रोखाने खाली उतरले आणि दिवस मावळायच्या आत सिद्धनाथांना घोंगडीच्या झोळीतून वर आणलं.

सोलापूरच्या इस्पितळात त्यांच्या पायाचं हाड बसवलं. आता ते लंगडतात, पण माळावर जातात.

पुढे वस्तीजवळ मोबाइलचा टॉवर आला आणि आमची गरज संपली. राग नाही, तोही आमच्याच घराण्यातला. पण आम्हा दोघांना बॅटरीसकट लोकरीच्या पोत्यात टाकलं आणि दोन वर्षं कुणी पाहिलं नाही. बॅटऱ्या फुगल्या, आतले पत्रे हिरवे पडले. शेवटी ऋतुजानेच, आता ती स्वतः दुरुस्तीचं काम करते, आम्हा दोघांना शोधून काढलं, खरवडलं, नव्या बॅटऱ्या घातल्या. माझा हळदीचा डाग काढायला गेली तर आईने हात धरला.

म्हणून सांगतो, मित्रांनो. आमच्यासारख्यांना मान देताना पाणी नको, कोरडं फडकं पुरे. ठेवून द्यायचं असेल तेव्हा बॅटरी काढून ठेवा, पण कुणी आपलं माणूस दूर गेलेलं असेल तेव्हा काढू नका. आणि हवेतली जागा सगळ्यांची आहे. आपलं बोलून झालं की बोट उचला. पलीकडे कुणीतरी बोलायला थांबलेलं असतं.

आता दर खंडेनवमीला कातर, कोयता, कुऱ्हाड विसावा घेतात. मी एकटाच पाटावर चालू असतो. हळदीचं बोट पाठीवर, तोंडावर नाही. घरातली सगळी हात जोडून उभी राहतात. कस्तुराबाई टोकापासून तीन खटके मोजतात, बटण दाबतात आणि म्हणतात, "बिरोबाच्या नावानं." मग बोट उचलतात. सिद्धनाथ तिकडे मेंढरांत असतात, माझा भाऊ त्यांच्या कमरेला. कधी उत्तर लगेच येतं, कधी थोडा वेळ लागतो. तोवर घरात कुणी हलत नाही. तो आवाज आल्याशिवाय आमच्या घरी देवाला नैवेद्य दाखवत नाहीत.